बुडणारा माणूस ओरडत नाही

बुडणारा हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो, हा समज गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत सर्रास ऐकू येतो. तो जिवावर बेततो. ओरडू शकतो तो घाबरलेला, पण अजून तरंगणारा माणूस. प्रत्यक्ष बुडताना ताबा सहजप्रेरणेकडे जातो. अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७०च्या दशकात याचं नेमकं वर्णन केलं. तोंड क्षणभरच पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात श्वास सोडून पुन्हा घ्यायचा असतो. आवाजाला हवा उरत नाही. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबतात, त्यामुळे ठरवूनही हात हलवता येत नाही. शरीर उभं, पाय जवळजवळ स्थिर. हे चालतं जेमतेम २० ते ६० सेकंद. काठावरच्यांना मात्र वाटतं, पोर खेळतंय! हाक मारा, उत्तर आलं नाही तर बुडतोय असंच धरा.

काठावरच्याची प्रेरणाही घात करते. मायेपोटी थेट उडी घेतली, की बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन किंवा दोरी फेका, ११२ला फोन लावा.

फुटणाऱ्या लाटांमधला शांत पट्टा सुरक्षित वाटतो, पण बहुधा तिथेच पाणी आत ओढतं. ओढीत सापडल्यावर मन सरळ किनाऱ्याकडे पोहायला लावतं, त्यात दम संपतो. आधी तरंगत राहा, मग किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडा, आणि फुटत्या लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या.