नेपाळात बाईकचा इन्शुरन्स स्वस्त की महाग? अरे, आधी विकत काय घेताय ते तरी बघा

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या देवगडात हा वाद ठरलेला. हापूसच्या बागांवर राखणीला नेपाळी लोक आलेले असतात, संध्याकाळी मांगराच्या पडवीत चहा होतो, आणि कुणीतरी नवीन बाईक घेतलेली असतेच. राखणदार म्हणतो आमच्याकडे थर्ड पार्टीला पंधराशे लागतात, बागायतदाराचा पोरगा म्हणतो माझ्या शाईनला सातशे चौदा, आणि तिसराच कुणीतरी निकाल देऊन मोकळा होतो, "मगे आमचाच बरा! तेंच्याकडे डबल!" पुढच्या वर्षी हाच वाद बुलेटवरून होतो आणि निकाल नेमका उलटा लागतो. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता चहाचा कप घेऊन बाहेर कलमाखाली जाऊन बसतो.

थर्ड पार्टी म्हणजे काय हे सांगत बसत नाही, बाईक चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, तुमच्या स्वतःच्या गाडीला दमडी नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा नुसती थर्ड पार्टी काढलेल्यांना हे परत शिकायची गरज उरली नाही. गाडीचं नुकसानपण भरून हवं असेल तर पॅकेज पॉलिसी. तिला 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणायची पद्धत मला आवडत नाही, पण सोडा, त्यात कुणाचं पैशाचं नुकसान होत नाही.

आता पंधराशे आणि सातशे चौदा. पहिली गोष्ट, ते पंधराशे नेपाळी रुपये आहेत हो! आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, १९९३ पासून हाच भाव बांधलेला आहे, रोज वर-खाली होत नाही. एवढा साधा भागाकार न करता लोक तावातावाने भांडतात. दुसरं, दोन्हीकडे वर टॅक्स आहे, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी, तिकडे १३ टक्के व्हॅट. आपले थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनचे दर असे, ७५ ते १५० सीसी ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसी १३६६, आणि ३५० च्या वर एकदम २८०४. नेपाळात १४९ सीसीपर्यंत १५००, २५० पर्यंत १७००, त्याच्या वर १९००, सगळे नेपाळी.

म्हणजे १२५ सीसीच्या गाडीला टॅक्स धरून आपल्याकडे ८४३ रुपये आणि तिकडे आपल्या पैशात साधारण १०५९. तिकडे थोडं महाग. ३४९ सीसीच्या बुलेटला आपल्याकडे १६१२ आणि तिकडे १३४२, इथे लगेच उलटं झालं. आणि साडेचारशे सीसीची हिमालयन घेतलीत तर आपल्याकडे ३३०९, तिकडे तेच १३४२, कारण त्यांच्या पायऱ्या अडीचशे सीसीलाच संपतात. तर स्वस्त कोण हे गाडीवर आहे, देशावर नाही, आणि तिकडे डबल-बिबल काही नाही. एक आणखी, नवीन गाडीच्या बिलावरून तुलना करू नका, कारण सप्टेंबर २०१८ पासून आपल्याकडे नवीन दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, १२५ ला टॅक्सआधी ३८५१. ते पाच वर्षांचे आहेत. तो आकडा नेपाळच्या एका वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवून "बघा कसे लुटतात" म्हणणारे मला भेटलेत, शोरूममधून पेढ्याचा बॉक्स घेऊन बाहेर पडताना.

इथपर्यंत सगळं किरकोळ. खरी गडबड पुढे आहे आणि ती शंभरातल्या नव्वदांना दिसत नाही, कारण सगळे हप्ता बघतात आणि हप्त्याच्या बदल्यात कंपनी कुठपर्यंत पैसे भरणार ते कुणी बघत नाही.

नेपाळच्या थर्ड पार्टीत रक्कम ठरलेली आहे. तुमच्या बाईकने माणूस दगावला तर विमा कंपनी पाच लाख नेपाळी रुपये देणार. आपल्या पैशात तीन लाख साडेबारा हजार. माणूस विशीतला असो की साठीतला, मजूर असो की डॉक्टर, कंपनीपुरता आकडा तोच.

आपल्याकडे माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर थर्ड पार्टीत कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादाच नाही. आकडा पॉलिसीवर छापलेला नसतो, तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, आणि ते कसं ठरवतं हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे सातशे चौदा रुपयांकडे बघायची नजरच बदलेल. समजा मालवणात एका ट्रॉलरवर काम करणारा तीस वर्षांचा खलाशी रात्री रस्ता ओलांडत होता, तुमची बाईक त्याला लागली, तो गेला, चूक तुमची. त्याची कमाई महिना वीस हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस हजार. माणूस तरुण होता, पुढे कमाई वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के वाढवायचे (चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसासाठी सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये हे ठरवून दिलंय), झाले तीन लाख छत्तीस हजार. घरात बायको, दोन पोरं, आई, म्हणजे चार माणसं त्याच्यावर अवलंबून, तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी कमाईचा चौथा हिस्सा कापायचा, राहिले दोन लाख बावन्न हजार. आता वयाप्रमाणे गुणायचं. २६ ते ३० या वयाला १७ ने गुणतात, तो तक्ता २००९ च्या निकालातला. बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजार. वर अंत्यविधी आणि कुटुंबाला झालेल्या दुःखाचे वेगळे.

बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजार एकीकडे आणि तीन लाख साडेबारा हजार दुसरीकडे. माणूस तोच, अपघात तोच, आणि हप्त्यात फरक किती, तर दोन-अडीचशे रुपयांचा! आता सांगा हे दोन इन्शुरन्स एकाच तागडीत कसे घालणार? बाजारात बांगड्याचा वाटा आणि सुरमईचा वाटा दोन्ही दोनशेला मिळाले म्हणून मासळी त्याच भावाची झाली का.

आणि हे नेपाळला नावं ठेवायला म्हणत नाहीये, त्यांचा कायदा वेगळा, कमाईचं मान वेगळं. आकडा आधीच ठरलेला असला की तिकडच्या घरच्यांना निदान माहीत असतं किती मिळणार. आपल्याकडे न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं तारखा पडतात, ओरोसच्या कोर्टाबाहेर कधी उभे राहून बघा. पण 'स्वस्त' हा शब्द वापरायचा असेल तर तो कशाच्या मानाने वापरताय ते आधी सांगा एवढंच माझं म्हणणं.

हप्त्यावरच जायचं असेल तर मग बांगलादेशच जिंकला! त्यांनी २०१८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात थर्ड पार्टीची सक्तीच काढून टाकली. हप्ता शून्य. घ्या, सगळ्यात स्वस्त शेजारी. त्याजागी अपघातग्रस्तांसाठी एक निधी ठेवलाय, म्हणजे खर्च कुठे नाहीसा झालेला नाही, फक्त पॉलिसीच्या कागदावर दिसत नाही.

आता आपल्या 'अमर्याद'लापण भोकं आहेत, ती सांगितली नाहीत तर मीही त्या निकालवाल्यासारखाच. एक, अमर्याद फक्त माणसासाठी. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे कुणाच्या गाडीची काच, कुणाचा गडगा, याला दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखाची मर्यादा असते. दोन, तुम्ही स्वतः थर्ड पार्टी नाही, तुमच्यासाठी वेगळा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, आणि तो २०१९ पासून माणशी एकदाच काढला तरी चालतो, प्रत्येक गाडीला वेगळा लागत नाही. एजंटने दोन गाड्यांना दोनदा लावला असेल तर विचारा त्याला.

तीन, आणि हे कोकणात कुणालाच माहीत नसतं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला माणूस धरलेला नसतो. हो, मागे बसलेला! आपल्याकडे एकटा माणूस बाईकवर दिसला तर लोक विचारतात काय झालं म्हणून, बाजाराला जाताना शेजारच्या काकी मागे, येताना वाटेत भेटलेला पावणा मागे, आणि त्या सगळ्यांना आपण मनात थर्ड पार्टी समजत असतो. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये आणि परत २००८ मध्ये सांगितलंय की कायद्यापुरत्या काढलेल्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला येत नाही. पॅकेज पॉलिसीत येतो, तसं विमा नियामकाने २००९ ला कंपन्यांना कळवलेलं आहे. म्हणून जुनी गाडी आहे, किंमत काय उरलीय तिची, नुसती थर्ड पार्टी काढू असा हिशोब करणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, मागे कोण बसतं? माझी स्वतःची स्प्लेंडर चौदा वर्षांची आहे, भंगारवाला पाच हजार देईल की नाही शंका, तरी पॅकेजच काढायचा प्रयत्न करतो, कारण मागे आई बसते. जुन्या गाडीला पॅकेज द्यायला कंपन्या कुरकुर करतात, एका एजंटने तर "कशाक व्हया तुका" म्हणून हसून परत पाठवलं होतं, मी दुसऱ्याकडे गेलो.

जाता जाता जवळच्या शेजाऱ्याबद्दल, कारण नेपाळ संपला की वाद गोव्यावर येतो. गोवा पासिंगचा इन्शुरन्स स्वस्त असतो हे साफ खोटं आहे. थर्ड पार्टी सगळ्या देशात एकच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यासाठी झोन आहेत, मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं 'ए' झोन आणि बाकी सगळा देश 'बी'. म्हणजे पणजी, बांदा, सावंतवाडी, रत्नागिरी सगळे एकाच पंगतीत. तिकडे फरक पडतो तो रोड टॅक्समध्ये, आणि रोड टॅक्स म्हणजे इन्शुरन्स नव्हे, दोन्ही शोरूमच्या एकाच कागदावर येतात म्हणून लोक गल्लत करतात. उलट महाग पडते ती चाकरमान्याची मुंबई पासिंगची गाडी, मग ती गणपतीला आणून इथेच वर्षभर चालवली तरी, कारण झोन रजिस्ट्रेशनवर ठरतो.

आता या तुलनेचा खरा उपयोग कुणाला, तर जे बाईक घेऊन पोखराला जायचे बेत करतात त्यांना. व्हिसा लागत नाही म्हणून आपला इन्शुरन्सपण चालतो असं धरून चालणारे बरेच आहेत. चालत नाही. पॉलिसीवर भौगोलिक क्षेत्र म्हणून भारत लिहिलेलं असतं. ते वाढवून घेता येतं, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीव इतक्या देशांसाठी, आणि २००२ च्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे, त्याचा जादा हप्ता पॅकेजला फक्त ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला १००, बारा महिन्यांपर्यंत. शंभर रुपयांची गोष्ट आहे आणि ती न करता लोक दोन हजार किलोमीटर जातात. जहाजातून किंवा विमानातून गाडी नेताना वाटेत काही झालं तर मात्र त्यात येत नाही.

सोनौलीला किंवा रक्सौलला बॉर्डरवर भन्सार भरता ना, दिवसाच्या हिशोबाने, पावती मिळते, त्या पावतीला लोक इन्शुरन्स समजतात. भन्सार म्हणजे कस्टम. तुमची गाडी ठराविक दिवस त्यांच्या देशात ठेवायची परवानगी, बस. त्या पावतीवर पोखराच्या घाटात कुणाला धक्का लागला तर कुणीही एक पैसा देणार नाही.

आणि हे वाढवायचं काम निघायच्या आधी आठवडाभर एजंटला सांगा, निम्म्या एजंटांनी आयुष्यात हे कधी केलेलं नसतं, त्याला कंपनीच्या ऑफिसात विचारावं लागतं. एन्डॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीत हा बदल केल्याचा, कागद हातात आला की त्यावर देशाचं नाव आणि तारखा दोन्ही वाचून घ्या. मागे आमच्याकडच्या एकाच्या कागदावर नेपाळऐवजी भूतान पडलेलं होतं, त्याला ते गोरखपूरच्या लॉजवर रात्री कळलं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार.