साबळे शाळेच्या वाटेवर घडला नाही

पोरगं विशीत पळायला लागलं की बीडकडं हमखास ऐकू येतं, "आता काय उपयोग? अविनाश साबळे लहानपणापासून पळत शाळेला जायचा."

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या धावपटूची, अविनाशची, शाळा लांब होती, हे खरं. पण अशी पायपीट इथल्या कितीतरी पोरांनी केली. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला. शर्यतीचं पळणं त्यानं २०१५ मध्ये, सैन्यात सुरू केलं. मधे वजनही बरंच वाढलं होतं! २०१८ मध्ये त्यानं धावपटू गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य.

अनुवंशाचा वाटा असतोच. पण नियमित पळण्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत केशवाहिन्या, म्हणजे केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या, वाढतात. हे चाळिशीतही होतं. सुरुवातीला गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं पळावं. आपला दम कुठं संपतो, ते त्यातूनच कळतं.

अविनाशचे आईबाप वीटभट्टीवर राबले म्हणून पोरगा काटक झाला, हे तर गरिबीचं फुकटचं कौतुक. घरच्यांनी पळणाऱ्याला पोटभर भाकरी आणि पुरी झोप द्यावी; टोमणे नकोत.