बोट सुटली म्हणजे बेट आलं असं नाही

शिकिनेजिमा, नीजिमा आणि कोझुशिमाला तंबू घेऊन निघालेल्या आमच्या मराठी कुटुंबांसाठी

गोल्डन वीकच्या, म्हणजे एप्रिलअखेरच्या सलग सुट्ट्यांच्या, आधीचे पंधरा दिवस आमच्या तंबू भाड्याने देणाऱ्या दुकानाचा फोन एकाच प्रश्नासाठी वाजतो. ‘दादा, शुक्रवारी रात्रीची बोट, रविवारी संध्याकाळी परत, सोमवारी ऑफिस. जमेल ना?’

जमतं. पण दरवेळी जमत नाही, आणि कोणत्या वेळी जमणार नाही हे तुम्हाला, मला आणि बोटीच्या कप्तानालाही आधी सांगता येत नाही. फोनवर हे नीट समजावायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात दुकानात कोणीतरी झोपायच्या पिशव्या घ्यायला आलेलं असतं, म्हणून आता लिहूनच देतो. तंबू निवडायच्या आधी एवढं वाचा.

ही बेटं तशी आपलीच. म्हणजे टोकियोचीच. शिकिनेजिमा टोकियोच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर आहे, तरी पत्ता टोकियो-तोचा, म्हणजे टोकियो महानगराचा, आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर नाव टोकियोतल्याच शिनागावाचं. शिबुया स्टेशनाबाहेरचा तो मोठ्या नाकाचा दगडी मोयाई पुतळा नीजिमाहून १९८० साली आलेला आहे. ‘टोकियोतच तर जायचंय’ असं वाटतं ते यामुळेच. आणि लोक चुकतात तेही इथेच. पत्ता टोकियोचा असला तरी मधला समुद्र प्रशांत महासागराचा आहे.

बोट ताकेशिबाच्या धक्क्यावरून रात्री दहा-अकराच्या सुमारास सुटते. निशी-कासाईहून येणाऱ्यांनी निहोम्बाशीला गाडी बदलून दाइमोनला उतरावं आणि सामान ओढत दहा-बारा मिनिटं चालावं. सुटल्यावर थोड्याच वेळात बोट रेनबो ब्रिजखालून जाते. पोरांना तेवढं दाखवा आणि झोपवा. सकाळी ओशिमा, मग तोशिमा, नीजिमा, शिकिनेजिमा आणि शेवटी कोझुशिमा. शिकिनेजिमा येईपर्यंत नऊ वाजतात.

पुढची गोष्ट मात्र नव्वद टक्के लोकांना माहीत नसते. कोझुशिमाहून तीच बोट मागे वळते आणि एकेका बेटावरून परतीचे प्रवासी उचलत संध्याकाळी टोकियोला येते. म्हणजे तुम्हाला घरी आणणारी बोट ही सकाळी नवे पाहुणे घेऊन आलेली बोट असते. सकाळी ती धक्क्याला लागली नाही, तर नवे पाहुणे उतरत नाहीत आणि तुम्ही चढत नाही. तुम्ही बेटावरच.

धक्क्याला का लागत नाही? ताकेशिबाच्या फलकावर बेटाच्या नावापुढे कधीकधी ‘जोकेन-त्सुकी’ असं लिहिलेलं असतं. अर्थ एवढाच, की बोट सुटेल, पण तिथे लागेलच असं नाही. कप्तान बेटाजवळ जाऊन वारा आणि लाट बघतो. धक्क्याशी बोट वरखाली होत असेल तर शिडी लावता येत नाही, दोर तुटायची भीती असते, मग तो पुढे निघून जातो. पुढच्या बेटाला बोट लागली तर तिथे उतरायचं किंवा बसून राहायचं आणि त्याच बोटीने संध्याकाळी टोकियोला परत यायचं. आमच्या एका कुटुंबाने असा वीस तासांचा प्रवास केलाय. ताकेशिबाहून निघाले आणि ताकेशिबालाच उतरले. तंबूची चेन उघडलीसुद्धा नाही. छोट्या मुलीला मात्र ती सहल फार आवडली, कारण बोटीवर आइस्क्रीमचं मशीन होतं.

ऊन पडलंय, वाराही नाही, तरी बोट रद्द कशी, असं विचारणारे फोन ऑगस्टमध्ये येतात. तुफान हजार किलोमीटर लांब असलं तरी त्याची लाट दोन-तीन दिवस आधी इथे पोहोचते. जपानी लोक तिला ‘उनेरी’ म्हणतात. खोल समुद्रात ती फुटत नाही, फेसाळत नाही, म्हणून लांबून चटकन दिसत नाही. धक्क्यावर उभं राहिलं की कळतं: बोट एका माणसाच्या उंचीइतकी वर जाते आणि तेवढीच खाली येते. हवामानाच्या ॲपवर सूर्याचं चित्र बघून निघू नका. लाटांची उंची बघा. हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये त्रास पश्चिमेच्या वाऱ्याचा. कोझुशिमाला दोन बंदरं आहेत, एक गावाजवळ पश्चिमेला आणि दुसरं डोंगरापलीकडे पूर्वेला ताकोच्या उपसागरात. आज बोट कुठे लागणार ते त्याच दिवशी सकाळी ठरतं आणि बेटावरच्या भोंग्यांवरून सांगतात. जपानी येत नसेल तर शेजारच्या तंबूवाल्यांना विचारा, लाजू नका. चुकीच्या बंदरावर सामानासह बसून राहिलेले लोक मी पाहिलेत.

मी स्वतः अलिबागकडचा. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद असते हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं, त्यावर कोणी चिडत नाही. इथे मात्र सगळी ट्रेन सेकंदावर धावते, म्हणून बोटही तशीच धावेल असं आपण गृहीत धरतो.

मग आम्ही काय करतो

आमचा एक नियम आहे आणि त्यावर बरेच लोक नाराज होतात. परतीच्या दिवसानंतर तुमच्याकडे एक पूर्ण मोकळा दिवस नसेल, तर आम्ही बेटासाठी सामान देत नाही. ओकुतामाला किंवा फुजीच्या पायथ्याशी जा, आनंदाने देऊ. बेटासाठी नाही.

काहींना वाटतं हा जादा दिवसाचं भाडं काढायचा धंदा आहे. तसं नाही. तो मोकळा दिवस आमच्या भाड्यातच धरलेला आहे, वेगळा पैसा नाही. बोट रद्द झाली म्हणून सामान उशिरा आलं तर आम्ही दंड घेत नाही. रद्द झाल्याचा फलक किंवा बोट कंपनीच्या पानाचा फोटो पाठवा, पुरे. पण ज्या दिवशी अडकलात त्याच दिवशी सकाळी कळवा. पुढचं कुटुंब तोच तंबू घेणार असतं आणि मला त्यांच्यासाठी दुसरा काढायचा असतो. रात्री अकराला ‘सॉरी दादा, आम्ही अजून बेटावरच’ असा मेसेज आला की माझी झोप जाते.

हा नियम आम्ही उगाच नाही केला. तीन वर्षांपूर्वी एक कुटुंब आई-बाबांना घेऊन शिकिनेजिमाला गेलं होतं. पुण्याहून आलेले आजी-आजोबा, त्यांचं परतीचं विमान मंगळवारी सकाळचं. रविवारी बोट लागली नाही, सोमवारीही लागली नाही. सोमवारी सकाळपासून मी त्यांच्यासाठी फोनवर होतो: विमानाची तारीख बदला, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर बेटावरच्या दवाखान्यात कुठे विचारायचं, ऑफिसला काय कळवायचं. आजी मात्र मजेत होत्या. त्यांचं म्हणणं, परत जाऊन तरी काय करायचंय. पण मुलाचा चेहरा व्हिडिओ कॉलवर बघवत नव्हता. सगळं निस्तरलं, पण त्या दिवसापासून हा नियम.

तिकीट आम्ही काढून देत नाही. रद्द झालेल्या बोटीचे पैसे कसे परत मिळतात हे बोट कंपनीचे नियम आहेत, तिकिटाबरोबर वाचून ठेवा. जेटफॉइलने, म्हणजे छोट्या वेगवान बोटीने, तीन तासांच्या आसपास पोहोचता येतं हे खरं, पण लाट वाढली की आधी बंद होते ती जेटफॉइल. चोफू विमानतळावरून नीजिमा आणि कोझुशिमाला १९ आसनांचं छोटं विमान जातं. त्यात गॅसचे डबे चालत नाहीत. ज्यांनी विमान ठरवलंय त्यांनी आम्हाला आधी सांगा, आम्ही चूल गॅसच्या डब्याशिवाय देतो, डबा बेटावरच्या दुकानात घ्या.

तळ आधी, बोट नंतर

वाट्टेल तिथे तंबू ठोकता येत नाही. शिकिनेजिमाला ठरलेले तळ आहेत, ओउरा आणि कामानोशिता, आणि ते दोन्ही बारा महिने उघडे नसतात. कोणता कधी उघडा हे नीजिमा गाव-कार्यालय दरवर्षी जाहीर करतं. तारीख बघून, नोंद करून मगच बोटीचं तिकीट. जमिनीवर थेट शेकोटी पेटवायची नाही. आमच्या किटमध्ये पाय असलेली शेगडी त्यासाठीच आहे.

दर उन्हाळ्यात दोन-तीन जण विचारतात, ओगासावारा बेटांवर तंबू न्यायचा का? नाही. तिथे तंबू टाकणंच मना आहे, राहायची खोली ठरवूनच जावं लागतं, आणि बोटीला चोवीस तास लागतात. सुंदर आहे, जागतिक वारसा आहे, पण त्यासाठी आमच्याकडे नका येऊ.

सामानाबद्दल थोडं

तंबू न्यायच्या आदल्या शनिवारी एकदा घराजवळच्या बागेत उभारून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. बेटावर वाऱ्यात पहिल्यांदा उघडलात तर तास जातो आणि नवरा-बायकोचं भांडण होतं, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ओउराची जागा वाळूची, तिथे साध्या खुंट्या उपटून येतात. म्हणून बेटाच्या किटमध्ये लांब, लोखंडी खुंट्या आणि हातोडी आम्ही आपणहून घालतो. जड लागतात, तरी काढून ठेवू नका. मागच्या वर्षी एकाने ‘वजन कमी’ म्हणून घरी ठेवल्या आणि रात्रभर कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवून झोपले.

खाण्याचं एक दिवसाचं जादा न्या. बोट आली नाही की बेटावरच्या दुकानातली पाव-दुधाची फळी आधी रिकामी होते. मेतकूट, भाजणी, थेपले, मॅगी, काहीही चालेल. बेटावर ‘कुसाया’ नावाचा सुका मासा मिळतो, वर्षानुवर्षं वापरलेल्या खारवणात मुरवलेला. बोंबील वाळत घातलेल्या अंगणात वाढलेल्या माणसालाही त्याचा वास जड जातो. खा जरूर, पण आमच्या तंबूत भाजू नका. एकदा एक तंबू परत आला तो आम्ही शेवटी विकूनच टाकला.

अडकलात तर? शिकिनेजिमाला अडकणं वाईट नाही. जिनाताला पायऱ्या उतरून गेलात की खडकांच्या फटीत गंजासारखं तांबडं गरम पाणी. उगमाशी ते ८० अंशांच्या आसपास असतं, म्हणून समुद्राची लाट येऊन मिसळते त्या खळग्यात बसायचं. ओहोटीला पाय टाकवत नाही, पूर्ण भरतीला कोमट होतं. मधली वेळ साधा. पोहण्याचे कपडे घालून सगळे एकत्र बसतात. आजी-आजोबांना त्या पायऱ्या नको असतील तर बंदराजवळच्या मियाबी-यु या गरम पाण्याच्या कुंडात बसवा, पाणी तसलंच तांबडं. फिकट टॉवेल न्याल तर तो पुन्हा पांढरा होत नाही.

परत आल्यावर तंबू ओला असेल तर ओलाच आणा. घरी बाल्कनीत वाळवायची धडपड नको, पण घट्ट घडी करून पिशवीत कोंबूही नका. मोठ्या काळ्या पिशवीत सैल टाकून आणा. वाळू झटकली नाही तरी चालेल. वाळवणं, धुणं आमच्याकडे, आणि त्याचे पैसे भाड्यातच आहेत. हरवलेल्या खुंट्यांचे मात्र घेतो.

ऑगस्टमधल्या ओबोनच्या सुट्टीसाठी मोठे, चार माणसांचे तंबू जूनमध्येच संपतात. विचारायला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी हाताशी ठेवा: कोणतं बेट, तळाची नोंद झाली का, आणि परतीनंतरचा मोकळा दिवस कोणता. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर आधी ऑफिसात विचारून घ्या आणि मग फोन करा.