रिबाउंड: उडीच्या आधीचा दीड सेकंद

बास्केटबॉलमध्ये संघाला रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर उसळलेले चेंडू, कमी मिळतात म्हटलं की पहिला उपाय ठरलेला: उड्या. बॉक्सवरच्या उड्या, दोरीच्या उड्या, रिंगला हात लावायच्या उड्या. दोन महिन्यांत उडी वाढते, रिबाउंड मात्र होते तेवढेच राहतात. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये १९९१-९२ ते १९९७-९८ असे सलग सात हंगाम रिबाउंडच्या सरासरीत पहिला राहिलेला डेनिस रॉडमन २.०१ मीटर उंच होता. १९८६-८७ मध्ये तोच मान मिळवणारा चार्ल्स बार्कली तर जेमतेम १.९८ मीटर. त्या मैदानावर त्यांच्यापेक्षा उंच खेळाडू डझनांनी होते.

थोडा हिशेब मांडू. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, मैदानावर तीन गुणांची रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर असते आणि रिंग ३.०५ मीटर उंचीवर. तिथून साधारण ५० अंशांच्या कोनात सोडलेला चेंडू रिंगपाशी पोहोचायला सुमारे १.२ सेकंद घेतो. फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोला एक सेकंदाच्या आसपास लागतो. रिंगवर आपटून चेंडू अर्धा मीटर वर उसळला, तर तो उडी मारलेल्या मध्यम उंचीच्या खेळाडूच्या हाताच्या टप्प्यात, म्हणजे २.७ मीटरवर यायला आणखी पाऊण सेकंद जातो. एकूण झाले जवळपास दोन सेकंद. त्यात ५० सेंटिमीटरची उडी टोकाला पोहोचायला लागतात फक्त ०.३२ सेकंद. उरलेला सगळा वेळ चेंडू कुठे जाईल हे ओळखण्याचा, प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा आणि जागा धरण्याचा. सरावाचा वेळही त्याच प्रमाणात वाटला पाहिजे.

सुरुवात अंदाजापासून. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, मोठ्या चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांत खाली येत असेल तर त्याच्या दिशेने पाहता रिंगची वाट ४५ नव्हे, ३२ सेंटिमीटरचीच उरते. ३२ अंशांपेक्षा सपाट आलेला चेंडू कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. असा सपाट शॉट रिंगच्या मागच्या कडेवर जोरात आदळतो आणि लांब उडतो. उंच कमानीचा शॉट चुकला तर बहुधा रिंगवरच वर उसळतो आणि जवळ पडतो. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला की चेंडू बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, म्हणून अनुभवी खेळाडू शॉट सुटताच तिकडे सरकतात. चेंडूला उलटी फिरकी असेल तर बोर्डवर, म्हणजे रिंगमागच्या फळीवर, लागताना घर्षण त्याला खाली ढकलतं. फिरकी नसलेला चेंडू बोर्डवरून जास्त लांब सुटतो. नेमबाजाचं मनगट पाहून यातलं बरंच काही आधीच कळतं.

याचं ड्रिल सोपं आहे, पण फार कमी ठिकाणी होतं. एक जण पाच जागांवरून प्रत्येकी दहा शॉट मारतो: दोन्ही कोपरे, दोन्ही ४५ अंशांच्या जागा आणि मधली. बाकीचे फ्री थ्रो रेषेवर उभे. चेंडू कमानीच्या टोकाला असताना प्रत्येकाने ओरडून सांगायचं: ‘जवळ डावीकडे’, ‘लांब उजवीकडे’, ‘आत’. चेंडू रिंगला लागल्यावर केलेला पुकारा बाद, मग तो कितीही बरोबर असो. हा नियम ढिला सोडला की ड्रिलचा अर्थच जातो, कारण रिंगला लागल्यानंतर सगळेच ज्योतिषी असतात. आठवडाभराने पुकाऱ्याच्या जागी पहिलं पाऊल आणा: तोंडाने न सांगता त्या दिशेला एक पाऊल टाकायचं. त्यानंतर नेमबाज बदलत राहा, कारण एकाच माणसाचे चुकणारे शॉट लवकर पाठ होतात.

रिंग आणि चेंडूकडेही लक्ष असू द्या. फिबाच्या नियमांनुसार रिंग आणि तिच्या आधाराने आदळणाऱ्या चेंडूची ३५ ते ५० टक्के ऊर्जा शोषायला हवी. भिंतीला किंवा खांबाला घट्ट जोडलेली रिंग त्याहून कमी शोषते आणि चेंडू लांब फेकते. परक्या मैदानावर वॉर्मअपमध्ये दहा शॉट मुद्दाम रिंगच्या मागच्या कडेवर मारून पाहणं हा त्यावरचा उपाय. हवा कमी असलेल्या चेंडूवर रिबाउंडचा सराव करू नये. तो उसळतच नाही आणि खेळाडूंना रिंगखाली गर्दी करायची सवय लागते.

ही सवय महागात पडते. रिंगवरून सुटलेल्या चेंडूचा आडवा वेग सेकंदाला ३ मीटर धरला, तर पाऊण सेकंदात तो सव्वादोन मीटर दूर गेलेला असतो. रिंगच्या बरोबर खाली उभ्या खेळाडूच्या वाट्याला एक तर जाळीतून पडलेला चेंडू येतो, नाहीतर डोक्यावरून निघून गेलेला.

आता बॉक्स आउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे अडवून जागा धरणं. शॉट सुटला की डिफेन्समधल्या प्रत्येकाने आधी आपला माणूस शोधायचा, चेंडू नाही. एक पाऊल त्याच्याकडे टाकून हाताचा पुढचा भाग त्याच्या छातीला टेकवायचा. कोपर शरीराजवळ, हात दुमडलेला. तो ज्या बाजूने निघाला त्या बाजूच्या पायावर पिव्हट करून, म्हणजे तो पाय जागेवर रोवून वळून, पाठ त्याच्याकडे फिरवायची. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, बैठक त्याच्या मांड्यांच्या वरच्या भागाला टेकलेली, हात खांद्यांच्या वर आणि पंजे उघडे. आता डोळे चेंडूवर. माणूस कुठे सरकतोय हे पाठीला कळतं, म्हणून स्पर्श सुटता कामा नये. बैठक खाली ठेवण्याचं कारण साधं आहे: गुरुत्वमध्य खाली आणि पायांमधलं अंतर मोठं असलं की माणूस सहज हलत नाही, शिवाय मागच्याला उडीसाठी गुडघे वाकवायला जागा राहत नाही.

वर्तुळाचं ड्रिल इथे सगळ्यात उपयोगी. मैदानाच्या मधल्या वर्तुळाची त्रिज्या १.८ मीटर असते. चेंडू मधोमध ठेवा. डिफेन्सचा खेळाडू रेषेच्या आत, ऑफेन्सचा रेषेबाहेर, दोघे समोरासमोर. शिट्टी वाजली की बाहेरच्याने चेंडूला हात लावायचा, आतल्याने तीन सेकंद अडवायचं. तीन सेकंद पुरे. खऱ्या खेळात याहून जास्त वेळ कोणी अडवत नाही. पाच फेऱ्या, मग अदलाबदल.

चुका दोन प्रकारच्या होतात. पहिली, पिव्हट फार लवकर: स्पर्श होण्याआधीच पाठ फिरवली की मागचा माणूस कुठे गेला ते कळत नाही. दुसरी जास्त फसवी. खेळाडू अडवता अडवता मागच्याच्या जोराने पुढे सरकत जातो आणि नेमका त्या निरुपयोगी रिंगखालच्या जागेत पोहोचतो. बॉक्स आउट म्हणजे जागा धरणं, पुढे ढकललं जाणं नव्हे. म्हणून वर्तुळाच्या ड्रिलमध्ये तीन सेकंदांनंतर आतल्याचे पाय कुठे आहेत ते पाहा. चेंडूकडे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त सरकला असेल, तर चेंडू वाचला तरी फेरी हरल्याची धरा. मागे हात टाकून माणसाला कवटाळणं हा सरळ फाउल आहे, तो सरावातही पुकारा. आणि ‘पाठीवरून उडी’ अशी आरोळी प्रेक्षक कितीही मारोत, उंच खेळाडूने स्पर्श न करता वरून चेंडू काढला तर तो फाउल होत नाही. स्पर्श झाला आणि त्यामुळे समोरच्याचं नुकसान झालं, तरच होतो.

उडीबद्दल मोजकंच. हात खालून झोकून मारलेली उडी काही सेंटिमीटर जास्त जाते, पण गर्दीत हात झोकायला जागा नसते आणि खालून वर यायला वेळही लागतो. म्हणून हात वर ठेवूनच उडायची सवय करावी. दुसरी उडी पहिलीइतकीच महत्त्वाची असते, कारण पहिल्या झटापटीत चेंडू अनेकदा नुसता थापटला जातो. बोर्डसमोर उभं राहून एकाच हाताने सलग दहा वेळा चेंडू बोर्डवर थापटायचा, प्रत्येक वेळी नवी उडी, पाय जमिनीवर कमीत कमी वेळ. मग दुसरा हात. असे तीन संच, मध्ये एक मिनिट विश्रांती. बोर्डची खालची कड २.९ मीटरवर असते. तिथे हात पोहोचत नसेल तर भिंतीवर सोयीच्या उंचीला खडूची खूण करा. उतरताना दोन्ही पायांवर आणि गुडघे पावलांच्या रेषेत. गुडघे आत वळायला लागले की संच तिथेच थांबवायचा, उरलेल्या उड्या नंतर भरून काढायच्या नाहीत. याच कारणासाठी हा भाग सरावाच्या शेवटी ठेवू नये. थकलेल्या पायांनी उतरताना गुडघा आधी दगा देतो.

चेंडू हाती आल्यावरही काम संपत नाही. दोन्ही हातांनी पकडून तो हनुवटीखाली आणायचा, कोपरं बाहेर. कमरेपर्यंत खाली आणला की ठेंगण्या गार्डच्या, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूच्या, हाताला आयता सापडतो. कोपरं बाहेर ठेवायची, फिरवायची नाहीत. गर्दीत फिरवलेलं कोपर कुणाच्या तरी तोंडावर बसतं आणि फाउल मिळतो. मग जवळच्या बाजूरेषेकडे पिव्हट आणि तिथे उभ्या गार्डला पास. ड्रिलमध्ये कोच बोर्डवर चेंडू मारतो, खेळाडू पकडतो, वळतो आणि पास देतो. पकडल्यापासून पास सुटेपर्यंत दोन सेकंदांची मर्यादा. मधल्या भागातून पास द्यायला बंदी, कारण तो अडला तर समोरच्याला थेट बास्केट.

हे तुकडे जोडायला तीन विरुद्ध तीन खेळवा. कोच शॉट मारतो आणि डिफेन्सला सलग तीन रिबाउंड मिळाल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. एकदा जरी चेंडू ऑफेन्सकडे गेला तरी मोजणी शून्यावर. शॉटआधी डिफेन्सला पासाबरोबर हलवत ठेवा, नाहीतर सगळे आधीच आपापल्या माणसाला चिकटून उभे राहतात आणि सामन्यात न येणारी सोपी परिस्थिती तयार होते. ऑफेन्सला बक्षीस मोठं ठेवा: त्यांनी मिळवलेल्या रिबाउंडला दोन गुण. खऱ्या सामन्यातही रिंगला लागलेला चेंडू ऑफेन्सने परत मिळवला की शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट मारायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर, नवे १४ सेकंद मिळतात.

प्रगती मोजायची तर नुसते रिबाउंड मोजून भागत नाही. विल्ट चेंबरलेनने २४ नोव्हेंबर १९६० रोजी एनबीएच्या एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले. तो पराक्रम मोठाच, पण त्या काळी खेळाचा वेग जास्त होता, शॉट जास्त पडत आणि चुकतही जास्त. म्हणून वाटा काढा: समोरच्या संघाच्या चुकलेल्या शॉटनंतर ४० रिबाउंड झाले आणि त्यातले ३० आपल्याला मिळाले, तर डिफेन्सचा वाटा ७५ टक्के. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: चेंडू रिंगला लागण्याआधी पाचांपैकी किती जणांनी आपल्या माणसाला स्पर्श केला. राखीव बाकावरचा एक खेळाडू कागद-पेन्सिल घेऊन हे सहज नोंदवू शकतो. हा आकडा रिबाउंडच्या आकड्याच्या आधी सुधारतो, आणि तो तीनवर अडला असेल तर राहिलेले दोघे कोण, हे त्याच कागदावर दिसतं.