कडू घोट गळी उतरवताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किरायत्याच्या, त्या कडूजहर औषधी रोपाच्या, वाळलेल्या जुड्या दिसल्या की आजही माझ्या जिभेच्या मुळाशी काहीतरी आवळल्यासारखं होतं. लहानपणी डिचोलीच्या घरी पावसाळाभर दर रविवारी सकाळी आम्हा पाच भावंडांची सोप्यावर रांग लागायची. आजीच्या एका हातात किरायत्याच्या काढ्याचा पेला, दुसऱ्या हातात माडाच्या गुळाचा खडा. ‘एका घोटान पी. जिबेर दवरूं नाका,’ एवढाच तिचा मंत्र, म्हणजे एका घोटात पी, जिभेवर ठेवू नको. धाकटा चुलतभाऊ एकदा पेला घेऊन वृंदावनामागे गेला आणि सगळा काढा तुळशीला घालून आला. त्या वर्षी तुळस कधी नव्हे इतकी फोफावली, असं आजी पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

गेल्या पावसाळ्यात रांगेतली माझी जागा बदलली. बहीण बाळंतपणासाठी फोंड्याला आमच्याकडे आली होती आणि तिच्या चार वर्षांच्या मुलाला खोकला लागला. वैद्यांनी तपासून अडुळशाचा काढा दिला, पाच मिली, दोन वेळा. पाच मिली म्हणजे एक छोटा चमचा. तो चमचा पोटात जायला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, आणि गेला तोही निम्माच. बाकीचा माझ्या साडीवर. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. एवढ्याशा पोराने आपल्याला हरवावं, हे काही मला पचलं नाही, म्हणून मी जिभेचं शास्त्र पुन्हा उघडून बसले.

पहिली गोष्ट ही की पोरगं हट्टी नव्हतं, त्याची जीभ आपलं काम चोख करत होती. कडू चव ओळखण्यासाठी माणसाकडे पंचवीसेक प्रकारचे ग्राही, म्हणजे चवीचे रेणू पकडणारी प्रथिनं, आहेत. गोडासाठी मात्र मुख्यतः एकच जोडी. निसर्गाने कडूसाठी एवढा पहारा का ठेवला, याचं उत्तर गोव्याच्या कुठल्याही रानात मिळतं. काजऱ्याचं झाड आपल्याकडे जागोजाग आहे. त्याची नारिंगी, लिंबाएवढी फळं पोरांना खेळायला भारी आवडतात. आतल्या चपट्या बियांत स्ट्रिक्नीन असतं, जीवघेणं आणि अतिशय कडू. वनस्पतींची विषं पुष्कळदा कडू असतात, म्हणून ज्या जिभेने कडू थुंकून टाकलं ती वाचली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या ओठांना कडू थेंब लावला तरी ते तोंड वाकडं करून जीभ बाहेर काढतं. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

किरायत्याची गंमत वेगळीच आहे. आपलं गोव्यातलं किरायतें म्हणजे मराठीतलं ओलेकिराईत किंवा कालमेघ, शास्त्रीय नाव अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. हिमालयातला चिरायता म्हणजे आपलं काडेचिराईत. ते वेगळ्याच कुळातलं झाड, स्वर्शिया. पहिल्यातला कडू पदार्थ अँड्रोग्राफोलाइड, दुसऱ्यातला अमारोजेन्टिन. दोघांची रासायनिक घडण वेगळी, पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की जिभेवरचा टास२आर५० नावाचा एकच ग्राही या दोघांनाही ओळखतो. दोन रोपं, दोन कुळं आणि नाव जवळपास एकच. आपल्या पूर्वजांनी नावं ठेवताना पानाफुलांपेक्षा जिभेचं ऐकलं असावं, असं मला उगाच वाटतं.

दुसरी गोष्ट: तेच औषध आपल्याला लागतं त्याहून मुलाला जास्त कडू लागू शकतं. ‘मी पिऊन दाखवते, बघ, काही होत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फसतो. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेत जूली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ मुलं आणि त्यांच्या आया यांची चाचणी घेतली. २००५ साली छापलेल्या या अभ्यासात टास२आर३८ या दुसऱ्या एका कडू ग्राहीचा जनुक पाहिला होता. या जनुकाची एक संवेदनशील आणि एक असंवेदनशील प्रत असणाऱ्यांत, फिकं द्रावणही कडू लागणाऱ्यांचं प्रमाण आयांपेक्षा मुलांत जास्त होतं. जनुक तेच, वय वेगळं. त्यातून हा ग्राही किरायत्याचा नव्हे, कोबी-मोहरीच्या जातीतल्या कडूपणाचा. म्हणजे एका मुलाला मोहरीचा पाला झोंबेल आणि काढा चालेल, दुसऱ्याचं नेमकं उलट. एकाच घरातली दोन भावंडं एकाच पेल्याला वेगळी वागतात याचं नवल वाटायला नको.

मग करायचं काय? आजीचा गुळाचा खडा चांगलाच होता, पण ती तो काढा पिऊन झाल्यावर द्यायची. साखर-गूळ कडूचा ग्राही बंद करत नाही. गोड आणि कडू दोन्ही संदेश निघतात आणि त्यांची झटापट बरीचशी मेंदूत होते. त्यामुळे गोड एकाच वेळी, काढ्यातच असलं तर जास्त उपयोगी.

मिठाचं काम याहून सरस. १९९७ साली ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी कडू युरिया आणि साखर यांच्या मिश्रणात सोडियमचा क्षार मिसळून पाहिला. कडूपणा दबला आणि आतापर्यंत झाकलेला गोडवा वर आला. घरी करून बघण्यासारखं आहे. कारल्याचा रस तीन वाट्यांत घ्या. पहिल्या वाटीत काही नाही, दुसरीत थोडी साखर, तिसरीत तेवढीच साखर आणि दोन बोटांत मावेल त्याच्याही निम्मं मीठ. भाच्याला मी हे ‘कुठली वाटी खोटं बोलते’ असं सांगून खेळायला दिलं. त्याने तिसऱ्या वाटीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मागितली. कारल्याचा रस, पुन्हा! कारली चिरून, मीठ चोळून पिळणाऱ्या आपल्या बायकांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. मात्र सगळ्याच कडू पदार्थांवर सोडियमचा प्रभाव सारखा नसतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं मीठ द्यायचं नसतं.

तिसरा उपाय तुपाचा. पुष्कळ कडू द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्धात रमतात. ती तुपात बसली की लाळेत सावकाश उतरतात आणि जिभेवर एकदम हल्ला होत नाही. आयुर्वेदात पंचतिक्त घृतासारखी कडू औषधं तुपात सिद्ध करतात, त्यामागे इतर कारणं असतील, पण जिभेच्या दृष्टीनेही ती हुशारी आहे. बाकी लहानसहान: औषधाआधी जिभेवर बर्फाचा तुकडा किंवा गार केळं ठेवलं की चव मंदावते. काढ्याला उग्र वास असेल तर तो गार करून द्यावा, गरम वाफेबरोबर वास नाकात आधी पोचतो. मात्र नाक दाबून औषध ओतू नये. तोंड उघडं, नाक बंद आणि पोर रडतंय, म्हणजे औषध श्वासनलिकेत जायची पूर्ण तयारी.

‘जिबेर दवरूं नाका’ म्हणून आजी पेला घशाच्या दिशेने रिकामा करायची. कडू फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळतं, हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र चुकीचं आहे हे आता सर्वांना ठाऊक असायला हरकत नाही. सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. पण मागच्या बाजूलाही स्वादकलिका भरपूर आहेत, म्हणजे मागे टाकून सुटका नाही, उलट ठसका. औषध मोजायची विनासुईची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. ती गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं, मूल बसलेलं असताना रिकामी करायची.

एक चूक मात्र मी स्वतः केली. दुसऱ्या दिवशी काढा दुधाच्या पेल्यात लपवला. पोराने एक घोट घेतला आणि मग आठवडाभर साधं दूधही तोंडाला लावलं नाही. १९५५ साली जॉन गार्सिया यांनी उंदरांवर दाखवलं होतं की एखाद्या चवीनंतर मळमळ झाली तर ती चव एका अनुभवातच नकोशी होते. माझ्या भाच्याला मळमळ झाली नव्हती, फक्त फसवणूक कळली होती, पण परिणाम तसाच. रोजच्या खाण्यात औषध मिसळू नये. अख्खा पेला प्यायला नाही तर किती औषध पोटात गेलं हेही कळत नाही.

अंगावर पिणाऱ्या बाळांचं काय करावं, याचा विचार सुश्रुतसंहितेत फार व्यवहारी आहे. मुलांचे तीन गट: फक्त दूध पिणारं क्षीरप, दूध-अन्न दोन्ही घेणारं क्षीरान्नाद आणि अन्नावर असलेलं अन्नाद. पहिल्या गटात औषध मुलाला तुपादुधातून आणि आईलाही, दुसऱ्यात दोघांनाही, तिसऱ्यात फक्त मुलाला. कल्क, म्हणजे औषधाचं वाटण, आईच्या स्तनांना लावून बाळाला पाजण्याची सूचनाही तिथे आहे. मात्राही मोजून दिली आहे: बोटांच्या दोन पेरांत येईल एवढी, मग बोराच्या बीएवढी, मग बोराएवढी. आईच्या खाण्यातले वास दुधात उतरतात हे १९९१ साली लसणीवर दाखवलं गेलं. आईने लसूण खाल्ल्यावर साधारण दोन तासांनी दुधाला तो वास सर्वात जास्त येत होता. दुधातून भेटलेल्या चवींशी मुलाची पुढे लवकर गट्टी जमते. आईने घेतलेलं औषध दुधात उतरू शकतं, म्हणून आज आईने काय घ्यावं हेही विचारूनच ठरवावं लागतं.

जुन्या ग्रंथांचा हा मोजका हात घरच्या बाळगुटीत मात्र सुटतो. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सगळं सहाणेवर उगाळायचं आणि वळसे मोजायचे. आता वळसा हे काही माप नाही. आईने घातलेले पाच वळसे आणि मी घातलेले पाच वळसे, सहाणेवरचा रंगसुद्धा एक नव्हता. त्यातल्या वेखंडाला संस्कृतात वचा म्हणतात आणि वाचा यावी म्हणून ते बाळाला चाटवतात. वेखंडात बीटा-असारोन असतं. उंदरांमध्ये त्याने गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. तिथल्या वेखंडात हे द्रव्य जवळजवळ नसतं, आपल्याकडच्यात असतं. बहिणीच्या सासूबाईंनी नव्या बाळासाठी गुटीचा डबा पाठवला होता. कुणाला वाईट वाटू नये म्हणून तो आम्ही देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिला. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी दिलेलं औषध अर्थात वेगळं.

मधाचंही तसंच. काश्यपसंहितेत नवजात बाळाला वावडिंगाएवढं औषध मध-तुपातून द्यावं, ते महिन्या-महिन्याने वाढवावं आणि आवळ्याएवढ्याच्या पुढे नेऊ नये, असं सांगितलं आहे. ती वाढती मात्रा वाचून मी चकित झाले. पण मधात बोटुलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात, हे १९७६ साली कळलं. वर्षाच्या आत मध नाही, बोटाने चाटवायलाही नाही. तसंच आसव-अरिष्टांचं. ती आंबवून होतात, त्यांत आपोआप तयार झालेलं पाच ते दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतं. लहान मुलांसाठीच्या अरविंदासवातही असतं. वैद्यांना विचारल्याशिवाय चमचा भरू नये.

आणि किरायतें? आजीचा समज असा की ते जंतांवर उत्तम. जंतांसाठी आज खात्रीचं औषध अल्बेंडाझोल आहे. २०१५ पासून काही राज्यांत आणि पुढे देशभर शाळा-अंगणवाड्यांतून त्याची गोळी देतात, दोन वर्षांच्या पुढे ४०० मिलिग्रॅम, चावून खायची, चवीला काही वाईट नाही. किरायत्याच्या प्रयोगांचा बराचसा रोख सर्दी-घशाच्या दुखण्याकडे आहे आणि त्याने काहींना तीव्र ॲलर्जीही होते. म्हणून आमच्या पुढच्या पिढीला रविवारची रांग नाही. अडुळशाचं प्रकरण निराळं: त्यातल्या वासिसीनवरून ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध तयार झालं, ते आजही दुकानात मिळतं. शिवाय हा काढा वैद्यांनी मुलाला तपासून दिला होता.

तिसऱ्या दिवशी मी वैद्यांना फोन करून विचारलं, काढ्यात माडाचा गूळ आणि चिमटीच्या टोकाएवढं मीठ चालेल का. चालेल म्हणाले, मात्र पाच मिलीचे दहा मिली करू नका, जास्त झालं की पोर अर्ध्यावर सोडतं. काढा फ्रिजमध्ये गार केला. आधी बर्फाचा तुकडा. मग सिरिंज त्याच्याच हातात दिली. गालात टोक धरून त्याने दट्ट्या स्वतः दाबला, एक-एक मिली करत, प्रत्येक रेघ मोठ्याने मोजत. चारपर्यंत सगळं ठीक गेलं. पाचव्याला त्याला हसू आलं आणि उरलेला काढा समोरच्या पांढऱ्या पडद्यावर गेला. साबण, लिंबू, ऊन सगळं करून झालं, तो हिरवट-तपकिरी डाग अजून तिथेच आहे.