पायांसाठी केलेलं कमरेचं ऑपरेशन

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारायला येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये काही जण असे दिसतात, की थोडं चाललं की कट्ट्यावर टेकतात, पाच मिनिटांनी उठून पुन्हा चालू लागतात आणि पुन्हा जागा शोधतात. विचारलं तर सांगतात, "दम नाही लागत हो, पोटऱ्या भरून येतात. पाय पुढे टाकवत नाही." हीच माणसं मॉलमध्ये ट्रॉलीच्या दांडीवर रेलून बराच वेळ आरामात फिरतात. स्टेशनचा पूल चढताना त्यांना फारसं काही होत नाही, उतरताना मात्र पायांत कळा येतात. घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात, नाहीतर गुडघ्यांवर खापर फोडतात. पण उभं राहिल्यावर वाढणारं आणि बसलं किंवा पुढे वाकलं की ओसरणारं दुखणं बऱ्याचदा कमरेच्या मणक्यांतून आलेलं असतं.

कमरेत पाच मणके असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूच्या हाडांच्या कमानींमधून एक नळी खाली जाते. मज्जारज्जू स्वतः साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली असतो तो नसांचा जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा पसरलेला. पाय, लघवीची पिशवी आणि शौचाची जागा यांचा कारभार या नसांकडे असतो. वय वाढतं तशी दोन मणक्यांमधली गादी सुकून मागे फुगते, दोन्ही बाजूंचे लहान सांधे जाड होतात आणि नळीच्या मागच्या भिंतीतला पिवळा पट्टा सुजल्यासारखा आत येतो. जागा अशी सगळीकडून कमी होत जाते, सर्वांत जास्त चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये. ताठ उभं राहिलं की हा पट्टा दुमडून आणखी आत घुसतो, वाकलं की ताणला जाऊन नसांना मोकळीक मिळते. ट्रॉलीचं आणि पुलाचं कोडं इथे उलगडतं. डच न्यूरोसर्जन हेंक फर्बिस्ट यांनी १९५४ साली नळी अरुंद होण्याच्या या आजाराचं (लंबर स्टेनोसिस) नीट वर्णन केलं, तेव्हा कुठे डॉक्टर त्याच्याकडे वेगळा आजार म्हणून पाहू लागले.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरीही चालताना पोटऱ्या दुखतात. फरक असा, की त्या दुखण्यात बसावं लागत नाही, नुसतं थांबलं तरी आराम पडतो. मधुमेह असलेल्या किंवा तंबाखूची सवय असलेल्या माणसाच्या पावलांतली नाडी डॉक्टरांनी तपासलीच पाहिजे. एमआरआय त्यानंतर. आणि "एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गॅप निघाला, आता ऑपरेशनच" असं घाबरून जाऊ नये. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीची काहीच तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या साठीपुढच्या २१ टक्के लोकांची नळी अरुंद निघाली. फोटोतला दोष आणि माणसाचा त्रास जुळला, तरच पुढचा विचार.

घाई सहसा नसते. कित्येकांचा त्रास वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो. व्यायाम, घरातली सायकल, औषधं, कधी मणक्यातलं इंजेक्शन यांवर बरेच दिवस निभावतं. याला अपवाद एकच: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. त्याच रात्री इमर्जन्सी विभाग गाठा.

हे उपाय करूनही चालणं कमी कमी होत गेलं, भाजी आणायला जाणंही नको वाटू लागलं, तर डिकंप्रेशनचा, म्हणजे दाबल्या गेलेल्या नसांना जागा करून देण्याचा प्रश्न येतो. पूर्ण भूल देऊन रुग्णाला पालथं झोपवतात. नेमका मणका कोणता याची क्ष-किरणांवर खात्री करून घेतात. मग पाठीवर छोटा छेद, मायक्रोस्कोप, आणि बारीक ड्रिल व चिमट्यांनी कमानीचा थोडा भाग आणि जाड झालेला पिवळा पट्टा काढणं. मणक्यांमधल्या एक-दोन जागांचं काम बहुधा एक ते दोन तासांत होतं. मणका काढून टाकत नाहीत आणि मणके एकमेकांना जोडणारे स्क्रूही दरवेळी लागत नाहीत. स्वीडनमधल्या २०१६ च्या अभ्यासात नसा मोकळ्या करण्यासोबत मणके जोडूनही दोन वर्षांनी किंवा पाच वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. मणका फार हलत असेल किंवा वाकडेपणा असेल तर गोष्ट वेगळी. पण स्क्रू सुचवले तर "माझ्या बाबतीत ते कशासाठी?" हे प्रत्येक रुग्णाने मोकळेपणाने विचारावं. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. जाहिरातींत दिसणारी, टेबलावर झोपवून कंबर ताणणारी 'डिकंप्रेशन थेरपी' हा निराळाच प्रकार आहे. ताण देऊन वाढलेलं हाड आणि जाड झालेला पट्टा निघत नाही.

मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते इथे. हे ऑपरेशन कमरेवर होतं, पण केलं जातं पायांसाठी. चालताना होणारी पायांची ओढ आणि जडपणा यांत त्याचा गुण चांगला येतो, कित्येकांना जाग आल्यावरच पाय हलके वाटतात. सकाळी उठताना जखडणारी कंबर मात्र तशीच राहू शकते, कारण झिजलेले सांधे आणि गाद्या जिथल्या तिथेच असतात. फक्त कंबर दुखते आणि पाय ठीक आहेत, अशा माणसाने या ऑपरेशनकडून फार आशा धरू नये. ज्यांचं ऑपरेशन "फसलं" म्हणून आपण नात्यागोत्यात ऐकतो, त्यांतल्या अनेकांना हे आधी कुणी बसून समजावलेलंच नसतं.

"मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो" ही भीती घराघरांत आहे. प्रत्यक्षात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करून चालवतात आणि दोन-तीन दिवसांत बहुतेक जण घरी जातात. धोके नाहीत असं नाही. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, नसेला इजा. नसांभोवतीचं आवरण फाटून पाणी झिरपणंही अधूनमधून होतं, ते तिथेच शिवतात आणि थोडे दिवस झोपून राहायला सांगतात. साखर आधीच आटोक्यात आणावी, तंबाखू-मिश्री सोडावी. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. सहा आठवडे वाकून बादली उचलायची नाही, मांडी घालून जमिनीवर बसायचं नाही, उंच कमोड वापरायचा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने जाणं आणि लोकलची गर्दी सुरुवातीला टाळाच. सपाट रस्त्यावर चालणं हाच मुख्य व्यायाम, रोज थोडं वाढवत न्यायचं. बसून काम करणारे साधारण महिना-दीड महिन्यात कामावर जातात, ओझं उचलणाऱ्यांना तीन महिने तरी धरावे लागतात. दुखणं आधी जातं, ताकद हळूहळू येते, बधिरपणा सगळ्यांत शेवटी. त्याला महिने लागतात आणि नस फार वर्षं दबलेली असेल तर तो थोडा उरतोही. ताप आला, जखमेतून पाणी आलं, किंवा बसल्यावर चढणारी आणि झोपल्यावर उतरणारी डोकेदुखी सुरू झाली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता सर्जनला फोन करा.