वरून पाहिलेलं आणि कापून पाहिलेलं: सेम आणि टेम

‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून पेशी पाहिली’ असं कुठे वाचलं, तर आधी विचारावं: कुठल्या? सेममधून की टेममधून? नावात एका अक्षराचा फरक, पण एक पेशीचं अंगण दाखवतं आणि दुसरं माजघर.

सेम म्हणजे स्कॅनिंग. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो आणि तिथून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून चित्र बनतं. टेममध्ये, म्हणजे ट्रान्समिशनमध्ये, झोत नमुन्याच्या आरपार जातो. त्यासाठी रेझिनमध्ये, म्हणजे टणक होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्यात, घट्ट बसवलेल्या पेशीचे हिऱ्याच्या पात्याने 100 नॅनोमीटरहून पातळ काप काढतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). टेम थोरलं: मॅक्स नॉल आणि अर्न्स्ट रुस्का या जर्मन संशोधकांनी बर्लिनमध्ये 1931 साली त्याचा पाया घातला. सेम बाजारात यायला 1965 उजाडलं.

हा फरक खरा जाणवतो तो नॅनोखांबांवर. सिकाडा या किड्याच्या पंखावर सुमारे 200 नॅनोमीटर उंचीचे खांब दाटीने उभे असतात. त्यांवर बसलेले स्यूडोमोनास जिवाणू मरतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. पंखावर सोन्याचा 10 नॅनोमीटरचा थर दिला तरी ते मेलेच. म्हणजे मारेकरी रसायन नव्हे, आकार. सेमच्या चित्रांत जिवाणू खांबांमध्ये खचलेले दिसतात. पाहणारा लगेच म्हणतो, ‘भोसकले गेले!’

थांबा. बाभळीच्या कुंपणावर ओलं लुगडं वाळत घातलंय. काटे आरपार गेलेत, की कापडच काट्यांभोवती चुण्या घेऊन बसलंय? वरून सांगता येत नाही. त्यात लुगडं वाळताना ताणलं जातं, आणि नेमकं तेच इथेही होतं. साध्या सेमच्या निर्वात पोकळीत ओली पेशी चालत नाही. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने ती आहे त्या आकारात पक्की करतात, अल्कोहोलने पाणी काढतात, द्रव कार्बन डायऑक्साइड वापरून वाळवतात, वर धातूचा पातळ मुलामा देतात. इतकं करूनही पेशी आक्रसते, खांबांवर ताणली जाते, कधी फाटतेही. ते भोक खांबाने पाडलं की वाळवण्याने, हे चित्र सांगत नाही. पेशी जिवंत होती का, हेही नाही. यंत्रात जाईपर्यंत सगळ्याच मेलेल्या असतात.

पेशीपटल, म्हणजे पेशीला वेढणारा पडदा, जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड. ते अखंड आहे का, याचा निकाल उभ्या कापातच लागतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने 2012 मध्ये नॅनोखांबांवर वाढवलेल्या प्राण्यांच्या पेशींचे असे काप टेमखाली पाहिले, तेव्हा पटल खांबांना भोवताली लपेटून बसलेलं दिसलं. पण म्हणून जिवाणूंचंही तसंच असेल असं मानू नये. त्यांची भिंत वेगळी, ताठ.

टेमची अडचण खांबांपाशीच सुरू होते. खांब सिलिकॉनचे असले तर हिऱ्याचं पातंही तुटतं. त्यावर तोडगा म्हणजे फिब-सेम (फिब म्हणजे आयनांचा, विद्युतभारित अणूंचा, एकवटलेला झोत): गॅलियम या धातूच्या आयनांच्या झोताने पेशी आणि खांब एकत्रच कोरायचे आणि उघडी पडलेली कड सेमने पाहायची. नावात सेम आहे, पण पुढ्यात येतो तो काप. माझा कौल यालाच, पण काम किचकट आणि महाग. साध्या सेममध्ये शेकडो पेशी भराभर नजरेखालून जातात; कोरून पाहायला मोजक्याच मिळतात.